दोन याद्यांमधला माणूस

ऑफिसात त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं, पण कुणी "हे असं का होतं हो?" म्हणून विचारायचा अवकाश, मास्तर फळ्याकडे निघालेच. दोन वाक्यांत सांगण्यासारखी गोष्ट सांगायला ते तास लावत, तेही उभ्यानं. पोरं पाठीमागे हसायची आणि अडलं की मुकाट्यानं त्यांच्याच टेबलाशी यायची. माणूस सरळ होता. इतका सरळ की घरच्यांना त्याचा जाच व्हावा.

त्यांची कंपनी एका मोठ्या कॅन्सरच्या रुग्णालयाचं सॉफ्टवेअर सांभाळायची. कुणाला कधी शेक द्यायचा, म्हणजे तो किरणांचा उपचार, त्याच्या याद्या त्यात असत. एक साधी यादी आणि एक तातडीची. जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेतलं जुनं काम, दहा हातांनी दहा तऱ्हेनं लिहिलेलं. मास्तरांच्या ताब्यात आलं तेव्हा त्याची पार धर्मशाळा झाली होती. प्रोग्रामचा प्रत्येक तुकडा स्वतःच उठून डेटाबेसकडे जायचा, जोडणी उघडायचा, काम करायचा आणि कधी दार लावायचा, कधी उघडंच टाकून यायचा. महिन्यातून एकदा तरी सगळं ठप्प व्हायचं, आणि मग रुग्णालयाचे फोन आणि साहेबांचा आरडाओरडा.

मास्तरांनी ते सगळं मोडून नव्यानं बांधलं, डिपेंडन्सी इंजेक्शनच्या फ्रेमवर्कवर. नाव भारदस्त आहे, गोष्ट साधी आहे. तुकड्यानं स्वतः कुठे जायचं नाही. "मला डेटाबेसशी बोलणारा एक माणूस लागेल" एवढं सांगून गप्प बसायचं, फ्रेमवर्क नावाचा कारभारी तो माणूस आणून हातात देतो. शिवाय दिलेल्या माणसाच्या दाराशी तो एक पहारेकरी बसवतो. बाहेरून कुणी काम सांगायला आलं की पहारेकरी आधी ट्रान्झॅक्शन उघडतो. सगळं नीट पार पडलं तर शिक्कामोर्तब. मधेच काही फिसकटलं तर झालेलं सगळं मागे, जणू काही घडलंच नाही. "एक तर सगळं, नाही तर काहीच नाही," हे मास्तरांचं आवडतं वाक्य होतं. चहा ओततानासुद्धा ते कुणाला ना कुणाला ऐकवायचे.

जुन्या कोडात कुणीतरी शहाण्यानं पावलोपावली हातानं लिहून ठेवलं होतं, इथे चुकलं तर हे मागे घ्या, तिथे चुकलं तर ते मागे घ्या. ओबडधोबड होतं, पण होतं. मास्तरांनी त्या ओळी स्वतःच्या हातानं पुसल्या. "आता हे कारभारी बघेल," म्हणाले. आणि खरंच, सॉफ्टवेअर ठप्प होणं थांबलं. साहेबांनी पाठ थोपटली. मास्तर घरी आले ते शीळ घालत.

आणखी एक नियम मास्तरांनी घालून दिला होता. खऱ्या पेशंटची माहिती कुणी उघडून बघायची नाही. मागे एका पोरानं शेजारणीचा रिपोर्ट उघडून बघितला होता आणि चाळीभर बोभाटा झाला होता. तेव्हापासून खऱ्या डेटाबेसची किल्ली फक्त मास्तरांकडे असे, आणि मास्तर ती वापरत नसत.

अशात त्यांचा मेहुणा आजारी पडला. बायकोचा हा एकुलता एक भाऊ. चाळिशीला टेकला तरी घरात त्याला धाकटाच म्हणायचे. लिफ्ट दुरुस्त करायचा. बडबड्या, थट्टेखोर, जिथे जाईल तिथे हशा पिकवणारा. त्याची बायको कधीच सोडून गेली होती, म्हणून घशात गाठ निघाल्यावर तो बहिणीकडेच राहायला आला. ऑपरेशन झालं. गाठ काढली, पण आवाज पार घोगरा झाला, भांड्यावर घासणी फिरवावी तसा. "आता मला रेडिओवर व्हिलनचं काम मिळेल बघ, ताई," असं तो म्हणायचा.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, दीड महिन्याच्या आत शेक सुरू व्हायला हवा. नाव साध्या यादीत होतं. मग काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला, तो काही चांगला नव्हता, आणि डॉक्टरांनी तातडीची खूण केली. म्हणाले, घरी जा, फोन येईल.

फोन काही येईना.

एका संध्याकाळी मास्तर जेवायला बसले होते. बायको ओट्याशी उभी राहून भावासाठी सूप गाळत होती. घास अडकू नये म्हणून त्याला सगळं दोनदा गाळून द्यावं लागे.

"अहो, ऐका ना. आज आम्ही काउंटरवर विचारून आलो. नाव दिसत नाही म्हणाला तो."

"साध्या यादीत दिसत नसेल. मग चांगलंच की!" मास्तर खूश झाले. "तिथून नाव निघालं म्हणजे तातडीच्या यादीत गेलं. काउंटरवाल्याला ती यादी दिसत नाही, फक्त शेकाच्या विभागाला दिसते. म्हणजे काम पुढे सरकलंय."

"तोही तेच म्हणाला. पण गेलंच असेल कशावरून?"

झालं. ताट बाजूला सारून मास्तर सांगायला लागले. एका यादीतून निघणं आणि दुसरीत पोचणं एका दमात होतं. एक तर दोन्ही, नाही तर दोन्ही नाही. "मधे लटकायला मी जागाच ठेवलेली नाही," म्हणाले. "कोण करतं हे सगळं? मीच ना? मग?"

"तुम्हीच करता म्हणून तर म्हणते. एकदा बघा ना. नाव आहे ना तिथे, एवढंच."

इथे मास्तरांचा चेहरा बदलला. आवाज चढवायचा त्यांचा स्वभाव नव्हता, पण तो शिकवण्याचा सूर काही माणसांच्या ओरडण्यापेक्षा वाईट असतो. "अगं, तिथे प्रत्येक जण कुणाचा तरी भाऊ आहे. आज मी याचं नाव बघायचं, उद्या तू म्हणशील दोन जागा पुढे सरकवा. मग माझ्यात आणि त्या रिपोर्ट बघणाऱ्या पोरात फरक काय राहिला?"

"मी सरकवा म्हणाले का?"

"सुरुवात अशीच होते."

"अहो, बघण्यानं कुणाचं काय जातं?"

"नियम जातो."

तिनं गाळणी आपटली. तेवढ्यात आतल्या खोलीतून तो घोगरा आवाज आला, "ताई, सोड ना! दाजींना कशाला पेचात टाकतेस? गावभर लोक ओळखीपाळखीनं कामं करून घेतात. आपल्या घरात एक तरी माणूस धुतल्या तांदळासारखा असू दे की. माझा नंबर लागेल तेव्हा लागेल."

मास्तरांना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं. मेहुण्याच्या तोंडून आपली स्तुती ऐकून त्यांनी दोन घास जास्तच खाल्ले.

त्यानंतर बायकोनं आणखी एकदा विचारलं. मास्तरांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. मग तिनं विचारणं सोडलं आणि दर आठवड्याला सुट्टी टाकून स्वतःच काउंटरवर जाऊ लागली. दर खेपेला तेच उत्तर. साध्या यादीत नाव नाही, म्हणजे तातडीत असणार, फोन येईल. गर्दी असेल बाई, धीर धरा. ती धीर धरून परत यायची.

धाकट्याच्या मानेला कॉलरच्या खाली पुन्हा काहीतरी हाताला लागायला लागलं होतं. आधी वाटाण्याएवढं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. गळ्यात मफलर गुंडाळायला लागला आणि विचारलं तर "स्टाईल आहे" म्हणाला. शेक सुरू झाला की आपोआप जाईल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. भित्रा नव्हता तो, पण बहिणीला आणखी किती घोर लावायचा, हा प्रश्न त्याला पडला असणार. एक दिवस मफलर सोडताना बहिणीनं बघितलं, आणि त्याच पावली ती त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेली.

मास्तरांना फोन आला तो भर दुपारी, ऑफिसात, आजूबाजूला सगळे असताना.

"डॉक्टर चिडलेत," बायको म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "शेक अजून सुरू कसा नाही म्हणून आमच्यावरच ओरडले. मग त्यांनी आत जाऊन तातडीची यादी काढली. त्यात हा नाही. साध्या यादीत नाही, तातडीत नाही. कुठेच नाही."

"असं होऊच शकत नाही. त्यांनी नीट बघितलं नसेल."

"तुम्ही बघा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मास्तरांनी ती कधी न वापरलेली किल्ली वापरली. धाकट्याचं नाव टाइप केलं. साधी यादी. नाही. तातडीची यादी. नाही. स्पेलिंग बदलून बघितलं, पेशंटच्या नंबरानं बघितलं. ऑपरेशनची नोंद होती, रिपोर्टची होती, डॉक्टरांनी केलेली तातडीची खूण होती. त्या खुणेपुढे माणूसच नव्हता.

मग त्यांनी कोड उघडलं. स्वतःचंच.

रोज संध्याकाळी एक काम आपोआप चालायचं. तातडीची खूण झालेले सगळे पेशंट एकेक करून साध्या यादीतून तातडीच्या यादीत हलवायचे. "एकाला हलवा" हा तुकडा मास्तरांनी नीट लिहिला होता, त्याच्या माथ्यावर पहारेकऱ्यासाठी ट्रान्झॅक्शनची पाटीही लावली होती. आणि त्याच घरात, म्हणजे कोडाच्या त्याच कप्प्यात, त्याच्या शेजारीच, "सगळ्यांना हलवा" हा दुसरा तुकडा होता. तो एकेका पेशंटसाठी शेजारच्याला हाक मारायचा. घरातल्या घरात. आणि इथेच घात झाला होता. पहारेकरी बसलेला असतो बाहेरच्या दाराशी. घरातल्यानं घरातल्याला मारलेली हाक त्या दारातून जातच नाही. त्याला पत्ताही लागत नाही की आत काही काम चाललंय. त्यामुळे ट्रान्झॅक्शन उघडलंच जात नव्हतं. साध्या यादीतून नाव खोडलं की ते तिथल्या तिथे कायमचं खोडलं जायचं. मग तातडीच्या यादीत लिहायला जावं, तर त्या दिवशी शेकाच्या यंत्राच्या सगळ्या वेळा भरलेल्या असल्या की यादी नकार द्यायची. आणि मागे घ्यायला तिथे कुणी नव्हतं.

नकार येईल हे मास्तरांनी धरलं होतं. एकाचं अडलं म्हणून बाकीच्यांचं अडू नये, आज राहिला तर उद्या पुन्हा बघू, म्हणून त्यांनी चूक टिपून पुढे जायची सोय करून ठेवली होती. पण उद्या बघणार कुणाला? तो साध्या यादीत उरलेलाच नसायचा.

चाचण्या केल्या नव्हत्या असंही नाही. "एकाला हलवा" त्यांनी बाहेरून हाक मारून तपासलं होतं. बाहेरून गेलं की पहारेकरी असतोच. सगळ्या चाचण्या पास, पडदा हिरवागार.

ही चूक मास्तरांना माहीत नव्हती असं असतं तर एक वेळ परवडलं असतं. ही चूक ते स्वतः नवीन पोरांना फळ्यावर काढून दाखवायचे. दार काढायचे, पहारेकरी काढायचे, आणि खडू आपटून विचारायचे, "आता सांगा, आतल्या आत हाक मारली तर काय होईल?" दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान, आणखी काय!

त्यांनी असे अडकलेले सगळे शोधले. बरेच निघाले. आणि सगळेच्या सगळे तातडीचे. ज्यांना वेळ होता ते साध्या यादीत सुखरूप होते. ज्यांना वेळ नव्हता, नेमके तेच गळाले होते.

साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन त्यांनी सगळं सांगितलं. साहेबांनी दार लावून घेतलं.

"आधी दुरुस्त करा. रुग्णालयाला सांगू, सर्व्हरवर ताण आला होता."

"साहेब, ताण नव्हता. माझी चूक आहे."

"तुमचीच आहे, मी कुठे नाही म्हणतो? पण कंपनीला कशाला खड्ड्यात घालता? तुम्ही नावं परत घाला, त्यांना फोन जातील, लोकांचे उपचार सुरू होतील. कुणाला काय कळणार आहे?"

मास्तर दार उघडून आपल्या टेबलाकडे निघाले. इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवलेला माणूस, पण त्या क्षणी त्याला कंपनीची पडली नव्हती आणि सत्याचीही नव्हती. त्याच्या डोक्यात एकच होतं, उद्या सकाळचं यंत्र.

संध्याकाळपर्यंत बसून त्यांनी कोड दुरुस्त केलं. "एकाला हलवा" उचलून वेगळ्या घरात ठेवलं, म्हणजे हाक दारातूनच जाईल. मग गळालेली नावं परत घातली, ज्याला ज्या दिवशी खूण झाली होती त्या क्रमानं, काटेकोर, कुणावर अन्याय नको म्हणून. रुग्णालयातून फोन सुरू झाले. लोक रडत होते, आभार मानत होते. एका घरी फोन उचललेली बाई "आता गरज नाही" एवढंच म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

एक नाव मास्तरांनी क्रमानं घातलं नाही. क्रमानं घातलं असतं तर आणखी आठवडा गेला असता. उद्या सकाळच्या सगळ्या वेळा भरलेल्या होत्या. मास्तरांनी त्यातलं पहिलं नाव उचललं, पुढच्या आठवड्यात ठेवलं आणि त्या जागी मेहुण्याला बसवलं. एकाला काढणं, दुसऱ्याला घालणं. ते नाव कुणाचं होतं हे त्यांनी वाचलंसुद्धा नाही. या वेळी सगळं एका दमात झालं, कुठे काही अडलं नाही.

घरी त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. रुग्णालयाचा फोन येऊन गेला होता, घरात दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत तोच विषय. बायको म्हणाली, "सापडलं म्हणे नाव. काय झालं होतं?" मास्तर म्हणाले, "उद्या सांगतो, आधी शेक होऊ दे." तिनं त्यांच्याकडे क्षणभर रोखून बघितलं आणि भावाची फाईल लावायला घेतली.

सकाळी धाकटा दाढी करून, धुतलेला शर्ट घालून, लग्नाला निघाल्यासारखा तयार. रुग्णालयाच्या बाकावर बसल्या बसल्या शेजारच्याला सांगत होता, "हे आमचे दाजी. इथलं सगळं यांच्या हातात. पण मनात आलं असतं तरी माझ्यासाठी बोट उचललं नसतं! नंबर लागला तेव्हाच आलो मी." बोलताना त्याला दम लागत होता, तरी बोलत होता. मास्तर भिंतीवरची सूचना वाचत उभे राहिले.

डॉक्टरांनी त्याला आत नेलं. मान तपासली, सकाळीच काढलेला स्कॅन बघितला. बराच वेळ बघितला. मग त्याला बाहेर बसवून मास्तर आणि बायकोला आत बोलावलं.

"याला आता शेक देऊन उपयोग नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी आडवळणानं काही सांगितलं नाही. "गाठीनं मोठ्या रक्तवाहिनीला वेढलंय. दुखणं कमी करायला औषधं देऊ, तेवढंच हातात आहे. ऑपरेशननंतर लगेच आला असता तर गोष्ट वेगळी होती. बरा झालाच असता असं नाही म्हणत मी. पण चांगली संधी होती." मग त्यांनी समोरच्या पडद्याकडे बोट केलं. "आजच्या यादीतून याचं नाव मी काढतोय. ज्याला उपयोग आहे त्याला ती वेळ मिळू दे."

बायको रडली नाही. खुर्चीच्या हाताला धरून उठली आणि बाहेर आली. धाकटा दोघांच्या तोंडाकडे बघून सगळं समजला. अशा बातम्या सांगाव्या लागत नाहीत.

"ताई, बस," तो म्हणाला. "चक्कर येईल तुला."

मास्तरांना वाटलं, आता बोललो नाही तर पुन्हा कधीच बोलणार नाही. तिथेच, बाकासमोर उभं राहून, त्यांनी सांगून टाकलं. चूक त्यांची होती. यादी त्यांनी लिहिली होती. नाव एकीकडून निघालं, दुसरीकडे पोचलं नाही, आणि मागे घ्यायला जे काही होतं ते त्यांनीच पुसून टाकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांनी एखादी गोष्ट इतक्या थोडक्यात सांगितली.

धाकटा ऐकत राहिला. मफलरचं टोक बोटाला गुंडाळत होता.

"आमच्या धंद्यात याच्याइतका वाईट अपघात नाही, दाजी," तो म्हणाला. "दार उघडतं, माणूस सवयीनं पाय टाकतो, आणि लिफ्ट आलेलीच नसते." हसायला गेला आणि त्याला खोकला आला. खोकला थांबल्यावर बहिणीकडे बघून म्हणाला, "त्यांनी काय मुद्दाम केलंय का, ताई? असं बघू नकोस त्यांच्याकडे."

"मी चुकीबद्दल बोलतच नाहीये," बायको म्हणाली. हळू बोलत होती, पण शब्द न् शब्द ऐकू येत होता. "चुका माणसाकडून होतात. मी रांग मोडायला सांगत होते का हो? माझा भाऊ रांगेत उभा आहे की नाही, एवढंच बघा म्हणत होते. तुम्हाला त्यात माझी लबाडी दिसली."

मास्तर पुन्हा भिंतीवरच्या सूचनेकडे वळले.

काउंटरवर मघापासून कुणीतरी वाद घालत होतं. एक पोक्त बाई होती, डोक्याला रुमाल बांधलेला, दंडाला पिशवी. शिवणकाम करणारी असावी, ब्लाउजला दोन टाचण्या खोचलेल्या तशाच होत्या. "अहो, परवा मला आज सकाळची पहिली वेळ दिली होती. दुकान बंद ठेवून आलेय मी. काल रात्री एकाएकी मेसेज काय येतो, पुढच्या आठवड्यात या म्हणून? पुढच्या आठवड्यात का?"

"कॉम्प्युटरनं बदललं, बाई. आमच्या हातात नाही."

धाकट्यानं तिकडे बघितलं, मग मास्तरांकडे बघितलं. आजची पहिली वेळ त्याचीच होती, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा पहिल्यांदाच पुसली गेली.

"दाजी," तो म्हणाला, "माझा नंबर लागला नव्हता ना?"

मास्तरांनी काउंटरवरच्या बाईकडे बघितलं.

"तुम्ही पण?" धाकटा म्हणाला. इतके दिवस ज्या एका गोष्टीच्या बळावर तो वाट बघत बसला होता, तीही त्याच्या हातून गेली. बाकाला डोकं टेकवून त्यानं डोळे मिटले आणि मग म्हणाला, "जा. सांगा तिला. नाही तर निघून जाईल बिचारी."

मास्तर गेले. काउंटरवाल्याला म्हणाले, पडद्यावर आजच्या वेळा पुन्हा एकदा बघा, पहिली वेळ रिकामी झालीय. मग त्या बाईला म्हणाले, "तुमचा नंबर आजच आहे. चूक झाली होती. आत जा."

बाईचा विश्वास बसेना. मग बसला. पिशवी खाली ठेवून तिनं मास्तरांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिचे हात थंडगार होते.

"तुम्ही इथलेच का?"

"कॉम्प्युटरचं काम बघतो."

"देव तुमचं भलं करो बाबा. बरं झालं तुम्ही बघितलंत. नाही तर आमच्यासारख्यांचं नाव आहे की गेलं, कोण बघतं हो?" डोळे पुसत ती आत गेली.

मास्तर वळले. बायको दोन पावलांवर उभी होती, एका हातात फाईल, दुसऱ्या हातानं भावाला सावरत. तिनं ते सगळं ऐकलं होतं. मास्तर फाईल घ्यायला पुढे झाले, तिनं ती दिली नाही.

"मी याला घरी घेऊन जाते," ती म्हणाली. "तुम्ही थांबा इथेच. आणखी कुणाचं नाव राहिलं असेल, ते बघा."